हौसाबाईसाहेबांनी आयडी विकली आणि दावे राखिले, त्याची बखर

श्री उखळमाता समर्थ. तिच्या मुसळाखाली खरे-खोटे एकत्र कांडले जाते, चाळणीवर मात्र निराळे होते, तिला नमन करून हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास, मिरची उन्हात खडखडीत वाळली होती आणि सारा मुलूख शिंकू लागला होता, ते समयीची ही हकिकत. मुलुखाचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे अजून तिथेच नांदतात, वाचता येणारी वाचतील, न येणारी वाचून घेतील आणि मग सारीच भांडावयास येतील.

त्या मुलुखात हौसाबाईसाहेब राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे चटणी-मसाल्याची कांडप. पत्र्याखाली डंख, म्हणजे कांडणयंत्र, बसविले होते, लोखंडी मुसळे धाडधाड वरखाली होत, तोच त्या दौलतीचा तोफखाना. उन्हाळा लागला की चहूकडून बायका डब्यांत मिरची, धणे, खोबरे घेऊन येत आणि रांगेस बसत, तीच रयत. बाईसाहेबांची विद्या दुसरीपर्यंत, पुढे शाळेने त्यांस सोडिले की त्यांनी शाळेस, यात दोन मते आहेत. अक्षरे कशीबशी लागत, आकडे मात्र काट्यावर वाचून वाचून पाठ जाहले होते. परंतु शब्द ऐसा की, बाईसाहेब 'आज संध्याकाळी मिळेल' बोलल्या म्हणजे संध्याकाळी मिळणारच, आणि 'तुझ्या मिरचीत ओल आहे' बोलल्या म्हणजे ओल असणारच, मग आणणारीने देवाची आण घेतली तरी ओलच. कोणी काट्याकडे डोळा लावून उभी राहिली तर बाईसाहेब म्हणत, "काय गं, काटा बघतीस का माझं तोंड बघतीस? काटा बिघडंल, मी बिघडायची न्हाई." आणि मग ती बाई ओशाळून खाली बसे. पंचक्रोशीत भाऊबंदकीचा तंटा पडला तरी लोक म्हणत, हौसाक्कांना विचारा, त्या 'हो' म्हणाल्या तर हो, 'नाही' म्हणाल्या तर नाही. या गोष्टीचा बाईसाहेबांस गर्व होता आणि तो त्यांनी कधी झाकूनही ठेविला नाही.

बाईसाहेबांची नात वैजयंता, घरात वैजू. आईबाप परमुलखी साखर कारखान्याचे चाकरीस, पोर आजीपाशी वाढली. विशीची, अंगाने काडी, जिभेने आजीवर गेलेली. तिची निराळी दौलत होती आणि ती मोबाईलच्या आत होती. त्या काळी मोबाईलमध्ये एक रणखेळ निघाला होता, त्यात पोरे-पोरी आपापल्या घरी बसून एकत्र मोहिमेस जात आणि गड घेत. जो खेळे त्याचे त्यात एक खाते असे, त्यास ते लोक आयडी म्हणत. आयडीत त्याची पदवी, त्याची हत्यारे, पोशाख, जिंकलेल्या लढाया, सर्व काही जमा राही. वैजूने कॉलेजातून येऊन, मिरची निवडून, आजीच्या शिव्या खाऊन जो वेळ उरे त्यात वर्षानुवर्षे खपून आयडी ऐसी थोर केली की जिल्ह्यातली खेळणारी मंडळी तिला सरदार म्हणत. तिच्या गोटात कोणी सोलापूरचा, कोणी बेळगावची, तोंडे कोणी कोणाची पाहिली नाहीत, परंतु वैजू 'मागे फिरा' म्हणाली की सारे मागे फिरत. एकदा पडत्या लढाईत ती एकटी मागे राहून सगळ्यांस बाहेर काढती जाहली, तेव्हापासून गोटात बोलणे असे की सरदार दगा देत नाही. बाईसाहेबांस यातले काही ठाऊक नव्हते. त्या इतकेच जाणत की पोर कानात बोंडे घालून भिंतीस हुकूम सोडते.

मग असे जाहले की वैजूस शहरी चित्रकारीच्या कोर्सास प्रवेश मिळाला, संगणकावर चित्रे हलविण्याची विद्या, आणि तिला स्वतःचा संगणक लागला. बाईसाहेब म्हणाल्या, "आणि त्यो कुठनं आणायचा? डंखात कांडून निघतोय व्हय?" वैजू हळूच बोलली की, माझी आयडी सुकुमार मागतोय, चांगला भाव देतो म्हणतो, पण विकायची नसते, कंपनीचा नियम आहे, कळलं तर जप्त करतात. बाईसाहेबांस आधी समजेचना की हवेतली वस्तू कोणी विकत कशी घेईल. आणि समजले तेव्हा डोळे चमकले. म्हणाल्या, "जनावर कुणी वाढवलं?" वैजू म्हणाली, "मी." "वैरण कुणी घातली?" "मीच." "मग कंपनी कोण गं टिकोजी? गोठा तिचा आसंल, जनावर आपलं हाय. बोलीव त्याला." वैजू म्हणाली, "आजी, ह्यात लई फसवाफसवी चालते. लोक विकतात आणि परत ओढून घेतात." त्यावर बाईसाहेब कडाडल्या, "लोक घेत आसतील. हौसाबाईच्या दारातनं गेल्याली वस्तू कधी परत आल्याली ऐकलीस का?" मग वैजूचा नाइलाज जाहला.

सुकुमार हा शेजारच्या गावच्या पद्मावतीबाई चौगुले यांचा पुत्र. पद्मावतीबाईंची दूध डेअरी, जणू शेजारचे संस्थानच, आणि दोन्ही दौलतींत पिढ्यांचा स्नेह. पोरगा भला, उंच, मिशी नुकती धरलेली, खेळात मात्र मध्यम, म्हणोन तयार आयडीवर स्वार होऊन मोठ्या स्पर्धेस उतरावे हा त्याचा मनसुबा. तो आला, पाया पडला आणि बाईसाहेबांनी त्यास बाजेवर बसवून जनावरांच्या बाजारची रीत मांडिली. रुमाल मागविला, रुमालाखाली आपला हात घातला आणि म्हणाल्या, "घाल हात." सुकुमार म्हणाला, "आजी, मी फोनवरनं पाठवतो की." "पाठीव की, पन भाव बोटावरच व्हनार. चारचौघींत आकडा बोलायचा नसतो." मग रुमालाखाली बोटे दाबली गेली, सुकुमार लाल जाहला, बाईसाहेबांनी दोनदा मान हलविली, तिसऱ्या वेळी रुमाल झटकला आणि सौदा ठरला. रांगेतल्या बायका माना लांब करून राहिल्या, भाव कोणास कळला नाही.

येथे घात जाहला, तो ऐका. जनावर विकले तरी त्याच्या गळ्यातले दावे विकावयाचे नसते. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते, म्हणोन विकणारा आपले दावे सोडून घरात खुंटीस टांगतो आणि घेणारा आपले नवे बांधून नेतो, ही रीत जुनी. बाईसाहेबांनी पुसिले, "वैजे, ह्या तुझ्या आयडीचं दावं कुठलं?" वैजू विचारात पडली आणि म्हणाली, "दावं म्हणजे, आजी, आपला कांडपीचा मोबाईल नंबर जोडलाय तिला. पासवर्ड विसरला, नाहीतर नव्या फोनवर उघडायची झाली, की त्या नंबरवर आकडे येतात. ते आकडे ज्याच्या हातात, आयडी त्याच्या हातात." सुकुमार म्हणाला, "तो नंबर काढून माझा घालायचा, आजी. तसंच करतात." बाईसाहेब म्हणाल्या, "तुझं तू बांध की. माझं मी ठिवते." वैजू म्हणाली, "दोन बांधता येत नाहीत. आधी जुना काढायला लागतो." "काढून कुठं ठिवायचा?" "ठेवायचा नाही आजी, पुसायचा." "दावं पुसायचं?" बाईसाहेब उभ्याच राहिल्या. "दारात गिऱ्हाईक बसलंय आन आभद्र बोलतीस? दावं खुंटीला ऱ्हातं, पुसत न्हाईत." वैजूने पुष्कळ सांगितले आणि सुकुमारनेही घसा खाकरून पाहिला, तेव्हा बाईसाहेब त्याजकडे वळून म्हणाल्या, "का रं लेका, माझ्याकडं दावं ऱ्हायलं तर तुला भ्या वाटतंय?" आता यावर त्या मुलुखात कोण हो म्हणणार? सुकुमार म्हणाला, "नाही आजी. तुमच्याकडं म्हणजे बँकेत." आणि मग पैसा आला, नव्या पासवर्डाने आयडी गेली, दावे मात्र बाईसाहेबांच्या कमरेच्या पिशवीत राहिले.

सुकुमार दोन पावले मागेपुढे पाहता तर काही न होते. परंतु तरुण रक्त, खेळाच्या ग्रुपावर त्याने गंमत म्हणोन लिहिले की, सरदाराची आयडी माझ्याकडे आली, दावे कांडपवाल्या आजीच्या कमरेला आहे. मंडळी पोट धरून हसली. त्या मंडळीत एक चोर होता, तो हसला नाही. त्याने सुकुमारास गोड बोलून, स्पर्धेचे नाव नोंदवितो म्हणोन, पासवर्ड काढून घेतला. कांडपीचा नंबर तर पाटीवरच होता, पाटीचा फोटो वैजूनेच कधी जाहिरातीस टाकिला होता. मग ऐन दुपारी, तोफखाना पूर्ण चालू, बाईसाहेबांच्या दोन्ही हातांस मिरची, आणि मोबाईल वाजला. पलीकडचा आवाज साखरेचा. "हौसाबाईसाहेब का? मी सुकुमारचा मावसभाऊ. तुमचं लई ऐकलंय." बाईसाहेब म्हणाल्या, "काय ऐकलंस?" "की जनावर दिलं पण दावं राखलं. आमच्यातली शिकली-सवरलेली माणसंसुद्धा विसरतात." बाईसाहेब फुगल्या. कोणी रीत जाणणारा भेटला की त्यांस परका वाटत नसे. तो म्हणाला, "दावं तुमच्याकडंच राहू द्या. सुकुमारला नव्या फोनवर खेळायचंय, तेवढे आकडे आलेत ते वाचून दाखवा. येतील ना वाचायला?" हा शेवटला प्रश्न त्या चोराने ऐसा टाकिला की बाईसाहेबांच्या वर्मी बसला. म्हणाल्या, "न यायला काय झालं? काट्यावर जल्म गेला माझा." आणि लुगड्यास हात पुसून, मोबाईल लांब धरून, एक एक आकडा मोठ्याने, ठासून वाचिला. वैजू पलीकडे चाळण मारीत होती, तिने मान वर केली, "आजी, कुणाला काय वाचताय?" बाईसाहेब म्हणाल्या, "तू तुझं चाळ." आणि मग ती गोष्ट डंखाच्या आवाजात बुडाली.

पुढे सुकुमारची आयडी उघडेना. पासवर्ड फिरला, आयडी आता कोणी दुसराच चालवितो, सुकुमारच्या नावावर गोटातल्या मंडळीस फसवितो, ऐसे वर्तमान कळले. त्या व्यापारात आयडी ओढून घेण्याची चाल सर्वांस ठाऊक, आणि दावे कोणाकडे हेही सर्वांस ठाऊक. मग सुकुमार आईस घेऊन कांडपीवर आला. रांग भरलेली होती. तो अदबीनेच बोलला, "आजी, आयडी परत ओढली कुणीतरी." बाईसाहेबांचा संताप मस्तकी गेला. काही एक न पुसता म्हणाल्या, "माझ्या दारात येऊन मला चोर म्हनतोस? तुझ्या आज्याला उधार चटणी घातली मी! दुधात पानी घालनाऱ्यांनी आमाला शिकवू नये!" पद्मावतीबाईंचे तोंड उतरले, परंतु त्या थोर, इतकेच म्हणाल्या, "आक्का, भांडाय नाही आलो. एकच सांगा. ह्या आठवड्यात तुमच्या मोबाईलवर आकडे आले होते का? तुम्ही कुणाला दिले का?"

डंख चालू होता. बाईसाहेबांस तो साखरेचा आवाज आठवला. परंतु तोंडातून शिव्या नुकत्या बाहेर पडल्या होत्या, रांगेतल्या साऱ्या बायका हातचे काम टाकून पाहत होत्या, आणि ज्या जागी उभे राहून आयुष्यभर खरे बोलल्या त्याच जागी उभे राहून बाईसाहेब म्हणाल्या, "न्हाई." एवढा एकच शब्द. मग त्यांनी वैजूकडे पाहिले. वैजूने त्या दिवशी आकडे कानांनी ऐकिले होते. आता ही बोलणार आणि आपली अब्रू मिरचीसारखी उडणार, हे बाईसाहेबांनी जाणिले. वैजूने चाळण खाली ठेविली, आजीकडे पाहिले आणि सुकुमारास म्हणाली, "आजी नाही म्हणाली ना? मग नाही." सुकुमार म्हणाला, "मग तो फोन दुसरं कोण हाताळतं, वैजू?" तिने चाळण पुन्हा हाती घेतली. तो म्हणाला, "तू अशी करशील वाटलं नव्हतं." पद्मावतीबाई पुत्राचा हात धरून निघाल्या, आणि जाता जाता बाईसाहेबांस म्हणाल्या, "तुमचा दोष नाही, आक्का. आजकालची पोरं." हे बोलणे बाईसाहेबांनी उभ्याने ऐकिले आणि खाली बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

मग ग्रुपावर द्वाही फिरली की सरदाराने दगा केला. सोलापूरचा गेला, बेळगावची गेली, ज्यांस तिने पडत्या लढाईतून काढिले त्यांनी तिला पहिल्याने काढिले. वैजूने कंपनी सरकारास अर्ज केला, तिकडून रोकडे उत्तर आले की विक्री मुळात मना, सबब आयडी कायमची बंद. चोराची गेली, सावाची गेली, जिने वाढविली तिचीही गेली. बाईसाहेब म्हणाल्या, "पोलिसांत जाऊया." वैजू म्हणाली, "काय सांगू? विकायची नव्हती ती विकली, आणि वर ओरडते?" मग म्हणाली, "आयडीचं काही नाही, आजी. ती विकलीच होती. माझं नाव कुठं विकलं होतं?" बाईसाहेबांनी आयुष्यात पुष्कळांची तोंडे बंद केली होती, त्या दिवशी त्यांचे तोंड एका काडीसारख्या पोरीने बंद केले, आणि तेही शिवी न देता. बाईसाहेब मग जेवायला बसत आणि घास हातात घेऊन बसून राहत. चटणी कोणती, भाजी कोणती, चव लागेना. मनात म्हणत, हौसे, आकडे चुकीच्या माणसाला वाचलेस ते अज्ञान. मागनं चारचौघींत 'न्हाई' बोललीस ते काय होतं?

अखेर एके सकाळी त्यांनी डंख बंद ठेविला, ऐन हंगामात, जे सासरा वारला तेव्हाही केले नव्हते, आणि ठेवणीतले इरकल नेसून, सौद्याचा सारा पैसा रुमालात बांधून पद्मावतीबाईंच्या डेअरीवर गेल्या. तिथे माणसे होती. बाईसाहेबांनी मुद्दाम माणसे पाहूनच तोंड उघडिले. "पद्मा, सुकुमार, ऐका. आकडे माझ्या फोनवर आलं हुतं. मी दिलं. मला मावसभाऊ म्हनून फोन आला आन मी भुलले. पोरीचा काय बी दोष न्हाई. त्या दिवशी मी खोटं बोलले." आणि रुमाल पुढे ठेविला. बाईसाहेबांच्या कानशिलांतून घाम निथळला. परंतु सांगून टाकिले, आता जे व्हायचे ते होवो, थुंका म्हणावे तोंडावर, ऐसा निश्चय करून उभ्या राहिल्या.

पद्मावतीबाई जवळ आल्या आणि त्यांनी बाईसाहेबांचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आक्का, बसा. पाणी घ्या. कळतं मला. माझी नात असती तर मीही असंच पांघरूण घातलं असतं." बाईसाहेब म्हणाल्या, "अगं पांघरून कसलं? खरं सांगतीया!" "तुम्ही आणि खोटं बोलाल? चारचौघींत?" पद्मावतीबाई हसल्या. "इतकी वर्षं तुमच्या काट्याकडं मी बघितलं नाही. तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला, आम्ही ते देवाचं मानून परत आलो. आज नातीसाठी शब्द खाली ठेवायला आलात, ह्यातच तुमचं मोठेपण आलं." बाईसाहेब वाकल्या, हात जोडिले, जे हात त्यांनी मामलेदारास जोडिले नव्हते, आणि म्हणाल्या, "उखळाची आन घिऊन सांगते." पद्मावतीबाई म्हणाल्या, "आण नका घेऊ आक्का. खोट्या आणेचं पाप तुमच्या डोक्यावर मला नको." सुकुमारने रुमाल उचलून परत बाईसाहेबांच्या पिशवीत ठेविला आणि त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "वैजूवर माझा राग नाही म्हणून सांगा. माफ केलं तिला." भोवतालची माणसे म्हणती जाहली, आजी असावी तर अशी.

बाईसाहेब चालत परत आल्या. वैजू शहरास निघण्याची बांधाबांध करीत होती. तिने पुसिले, "कुठं गेलावता इरकल नेसून?" बाईसाहेबांनी सर्व सांगितले, पोरीपुढे काही राखिले नाही. वैजूने ऐकून घेतले आणि म्हणाली, "माफ केलं होय त्यानं मला?" आणि पेटीचे झाकण लाविले. झाकण लागेना, तेव्हा बाईसाहेबांनी वर बसून दाबून धरिले आणि पोरीने कडी घातली.

एकूण वर्तमान ऐसे. आयडी कंपनी सरकारात जमा, चोर सापडला नाही. वैजयंता शहरी आहे, चित्रे हलविते, खेळत नाही, सणास येते. डंख चालू आहे. हौसाबाईसाहेब हल्ली रांगेतल्या प्रत्येकीस म्हणतात, "काटा बघून घे गं," परंतु कोणी पाहत नाही, कारण त्या मुलुखात त्यांचा शब्द अजून खरा मानितात. जैसे घडले तैसे लिहिले, अधिक लिहिण्यास हात चालत नाही.